भव्यपट आणि केबिनमधला माणूस

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’मध्ये विहिरीवरचा एक प्रसंग आहे. लॉरेन्स आणि त्याचा वाटाड्या वाळवंटातल्या विहिरीपाशी थांबले आहेत. दूर क्षितिजावर, मृगजळाच्या थरथरत्या पट्ट्यात एक ठिपका उमटतो. ठिपक्याची उभी रेघ होते, रेघेतून उंट निघतो आणि उंटावर काळ्या कपड्यांतला स्वार दिसू लागतो. पार्श्वसंगीत नाही. तो स्वार जवळ येईपर्यंत चित्रपट जणू श्वास रोखून उभा राहतो. ओमर शरीफ या नटाची जगाला झालेली ही पहिली मोठी ओळख. दिग्दर्शक डेव्हिड लीन आणि छायालेखक फ्रेडी यंग यांनी या एका दृश्यासाठी ४८२ मिलिमीटरचं लांब पल्ल्याचं भिंग खास मागवून घेतलं होतं. संकलनाच्या वेळी आपण कचरलो, हे दृश्य आणखी लांब ठेवायला हवं होतं, अशी रुखरुख लीन यांना पुढे लागून राहिली.

हाच प्रसंग घरातल्या टीव्हीवर पाहिला की त्यात एवढं काय, असा प्रश्न पडतो. तो प्रश्न चुकीचा नाही. छोट्या पडद्यावर ठिपका दिसतच नाही. दिसतो तेव्हा त्याचा स्वार झालेला असतो, आणि त्याआधीचा सगळा वेळ रिकामा वाटतो. साठ फुटी पडद्यावर ७० एमएमची प्रिंट चालू असेल, तर प्रेक्षकाला तो ठिपका फार लवकर सापडतो. भास आहे की खरंच काही हलतंय, म्हणून तो खुर्चीत पुढे सरकतो. या प्रसंगातली उत्कंठा फिल्मच्या रुंदीवर उभी आहे. जुन्या भव्यपटांसाठी आणि जुन्या थिएटरांसाठी हळहळणाऱ्यांना आपण ‘गेलेल्या दिवसांचं वेड’ म्हणून सहज बाजूला काढतो. पण त्यांच्या हळहळीतला बराच भाग मोजता येण्याजोगा आहे. जे हरवलं ते भोकांत, मिलिमीटरांत आणि उजेडात मोजता येतं.

नेहमीच्या चित्रपटाची फिल्म ३५ मिलिमीटर रुंद. दोन्ही कडांना भोकांच्या रांगा, आणि एका चित्राच्या उंचीत चार भोकं. सेकंदाला २४ चित्रं या वेगाने मिनिटाला ९० फूट फिल्म प्रोजेक्टरमधून जाते. ७० एमएममध्ये एका चित्राला पाच भोकं लागतात आणि चित्राची रुंदी साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटर भरते, म्हणजे ३५ एमएमच्या दुपटीहून जास्त. कॅमेऱ्यातली निगेटिव्ह मात्र ६५ एमएमचीच असते. प्रिंटवरचे जास्तीचे ५ मिलिमीटर आवाजासाठी राखलेले. तिथल्या चुंबकीय पट्ट्यांवर सहा ट्रॅक. पाच ट्रॅक पडद्यामागच्या स्पीकरांना जायचे, सहावा हॉलच्या भिंतींवरच्या स्पीकरांना.

आता साठ फुटी पडद्याचा हिशेब करू. ३५ एमएमचं सिनेमास्कोप चित्र तेवढ्या पडद्यावर न्यायचं तर ते आडवं साडेआठशे पटींहून जास्त ताणावं लागतं. ७० एमएमचं चित्र ताणावं लागतं पावणेचारशे पट. फिल्मवरचे चंदेरी कण किंवा रंगाचे ठिपके दोन्हीकडे सारख्याच आकाराचे. एका ठिकाणी ते फुगून वाळूसारखे वळवळतात, दुसरीकडे नजरेला येतच नाहीत. शिवाय चौकट मोठी म्हणून तिच्यातून उजेडही जास्त जातो. वाळवंटाचं ऊन पडद्यावर उन्हासारखं लख्ख दिसायचं ते यामुळे.

हे सगळं जन्माला आलं ते टीव्हीच्या धास्तीतून. पन्नासच्या दशकात अमेरिकेतला प्रेक्षक घरी बसू लागला, तेव्हा घरात जे मावणार नाही ते दाखवायचं असं स्टुडिओंनी ठरवलं. १९५२ मध्ये ‘सिनेरामा’ आला. तीन प्रोजेक्टर एकदम चालवून त्यांची तीन चित्रं वळणदार पडद्यावर शेजारीशेजारी टाकायची, असा तो प्रकार. चित्रांचे सांधे दिसायचे आणि खर्च अफाट. १९५३ मध्ये ‘द रोब’बरोबर सिनेमास्कोप आलं, त्यात रुंद दृश्य भिंगाने दाबून ३५ एमएमवर घ्यायचं आणि दाखवताना पुन्हा पसरायचं. मायकेल टॉड या हरहुन्नरी निर्मात्याला मात्र सिनेरामाची भव्यता एकाच प्रोजेक्टरमधून हवी होती. अमेरिकन ऑप्टिकल कंपनीच्या ब्रायन ओब्रायन यांनी ती साधून दिली. ‘टॉड-एओ’ हे नाव टॉड आणि त्या कंपनीच्या भागीदारीचं. या पद्धतीचा पहिला चित्रपट ‘ओक्लाहोमा!’ १९५५ मध्ये लागला. हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने त्यासाठी ३५ आणि ७० एमएम अशा दोन्ही फिल्म चालवणारा डीपी७० हा प्रोजेक्टर बनवला. या यंत्राला पुढे ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. त्यांतले काही प्रोजेक्टर आजही चालू आहेत, यावरून त्याची घडण कळावी.

‘बेन-हर’ (१९५९) याच लाटेवरचा. विल्यम वायलरने तो ६५ एमएमवर, तोही चित्र भिंगाने दाबून चित्रित केला. त्यामुळे त्याच्या चौकटीची रुंदी उंचीच्या २.७६ पट झाली. इतकी रुंद चौकट सांभाळणं अवघड असतं. दोन माणसं बोलत असली की उरलेल्या जागेचं काय करायचं, हा प्रश्न पडतो. पण रथांची शर्यत आली की त्या रुंदीचं चीज होतं. नऊ रथ, प्रत्येकाला चार घोडे, आणि ते आखाड्यात शेजारीशेजारी धावताहेत. रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत उभारलेला तो आखाडा आणि अँड्र्यू मार्टन, याकिमा कनट यांनी उभी केलेली ती शर्यत आजही हातांच्या मुठी आवळायला लावते. हाच चित्रपट पुढे चौकोनी टीव्हीवर आला तेव्हा पडदा भरण्यासाठी दोन्ही बाजू छाटल्या गेल्या. गणित सरळ आहे: निम्म्याहून जास्त चित्र गेलं. एका पिढीने ‘बेन-हर’ पाहिला असं आपण म्हणतो. तिने पाहिला तो त्याचा मधला तुकडा.

हे झालं फिल्मचं. पण डब्यातली प्रिंट स्वतःहून भव्य होत नाही. तिला पडद्यावर नेणारा माणूस वरच्या केबिनमध्ये असायचा. आपल्याकडे तो ‘ऑपरेटर’. त्याचं काम काय होतं, हे खाली बसलेल्या हजार माणसांतल्या फार थोड्यांना ठाऊक असे.

प्रोजेक्टरमध्ये फिल्म अखंड सरकत नाही. गेटपाशी प्रत्येक चित्र क्षणभर निश्चल उभं राहतं, मग पुढचं येतं. ही उडी मारण्याचं काम माल्टीज क्रॉस नावाचा चार खाचांचा तारा करतो. एक फिरती खुंटी त्याच्या खाचेत शिरते, त्याला पाव फेरी देते आणि निघून जाते. खालच्या दातेरी चाकाला ३५ एमएममध्ये सोळा दात. पाव फेरीत चार दात पुढे, म्हणजे बरोबर चार भोकं, म्हणजे एक चित्र. सेकंदाला चोवीस वेळा हे घडतं आणि त्यातूनच केबिनचा तो टकटकाट निघतो. चित्र सरकत असताना उजेड अडवण्यासाठी पात्यांचं शटर फिरतं. चित्र उभं असतानाही ते एकदा आडवं येतं, कारण सेकंदाला चोवीसच लखलखाटांनी डोळ्यांना त्रास झाला असता; अठ्ठेचाळीस झाले की उजेड स्थिर वाटतो. याचा एक परिणाम मला नेहमी थक्क करतो. फिल्मच्या खेळात जवळजवळ निम्मा वेळ पडदा पूर्ण काळा असतो. २२२ मिनिटांच्या ‘लॉरेन्स’मध्ये प्रेक्षकाने दीड तासाहून जास्त काळोख पाहिलेला असतो, आणि तो त्याला जाणवलेला नसतो. डिजिटल प्रोजेक्टरमध्ये हा काळोख नाही. फिल्मचं चित्र ‘जिवंत’ वाटतं असं जाणकार म्हणतात, त्यात या सूक्ष्म थरथरीचा वाटा असावा असं मला वाटतं.

उजेड यायचा कार्बनमधून. तांब्याचा मुलामा दिलेल्या कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर ठेवायच्या, टोकं टेकवून वीज सोडायची आणि किंचित दूर करायच्या. मधल्या फटीत डोळे दिपवणारी ज्योत पेटते. मागचा आरसा तो उजेड गोळा करून गेटवर टाकतो. कांड्या जळत जातात आणि फट वाढते. सरकवणारी यंत्रणा असली तरी तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नसे. ऑपरेटर काळ्या काचेतून ज्योतीवर नजर ठेवायचा आणि हाताने मूठ फिरवून अंतर जुळवायचा. जरा दुर्लक्ष झालं की पडद्यावरचं चित्र मंदावायचं, नाहीतर त्यावर पिवळट-निळसर छटा चढायची. धूर बाहेर काढायला धुराडं लागे. केबिनमधला उन्हाळा कसा असेल, याची कल्पना यावरून करावी. पुढे झेनॉन दिवे आले आणि कार्बनची दगदग संपली. तरीही चांगल्या कार्बनच्या उजेडाची सर झेनॉनला नाही, असं म्हणणारे जुने ऑपरेटर होते.

ज्योतीइतकंच नाजूक काम होतं रीळ बदलण्याचं. दोन हजार फुटांचं मोठं रीळ बावीस मिनिटांत संपतं, म्हणून केबिनमध्ये दोन प्रोजेक्टर असत. एकावर चालू रीळ, दुसऱ्यावर पुढचं रीळ चढवून तयार. रीळ संपायच्या आठेक सेकंद आधी पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक गोल खूण क्षणभर चमकून जाते. ती दिसली की दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करायची. सेकंदभर उरला असताना दुसरी खूण. ती दिसताच एकाचा उजेड बंद, दुसऱ्याचा चालू. संवादाच्या मधोमध हे घडतं आणि खाली कुणाला पत्ता लागत नाही. १९७ मिनिटांच्या ‘मुगल-ए-आझम’ला प्रत्येक खेळात हे आठ-नऊ वेळा बिनचूक करायचं, दिवसाला तीन-चार खेळ, महिनोन् महिने. आणि चुकलंच तर? फिल्म गेटमध्ये अडकली की उष्णतेने चित्राच्या मध्यभागी तपकिरी डाग फुगतो आणि पसरत जातो. पडदा पांढरा होतो आणि हॉलमधून शिट्ट्या सुरू होतात. ऑपरेटर तुटलेली टोकं कापून, चिकटवून पुन्हा खेळ चालू करतो, पण कापलेली चित्रं त्या प्रिंटमधून कायमची गेलेली असतात. ३५ एमएमवर आवाजाची पट्टी चित्राच्या वीस चौकटी पुढे असते, त्यामुळे प्रत्येक सांध्याशी आधी दृश्य उडी मारतं आणि मग शब्द तुटतो.

म्हणूनच आपण पाहत होतो ती प्रत्येक प्रिंट वेगळी असे. मुंबईत पहिल्या आठवड्यात लागलेली नितळ प्रिंट तालुक्याच्या गावी पोचेस्तोवर ओरखड्यांनी भरलेली असायची. रिळांच्या सुरुवाती-शेवटाला सगळ्यांत जास्त हाताळणी, म्हणून तिथे पावसासारख्या रेघा. एकच प्रिंट दोन थिएटरांत वापरायची असली तर एकाकडचं संपलेलं रीळ सायकलवरून दुसरीकडे पळवलं जाई. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर रिळांची संख्या लिहिलेली असायची आणि ते पडद्यावर दिसताच हॉलमध्ये ‘अठरा रिळं!’ असा समाधानाचा सूर उमटायचा. मोठा चित्रपट मिळणार, पैसे वसूल.

आपल्याकडच्या भव्यपटांचा शिरोमणी ‘मुगल-ए-आझम’ ५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईच्या मराठा मंदिरमध्ये लागला. के. आसिफ यांनी चित्रपटाला दहा वर्षांहून जास्त काळ दिला होता. पहिल्या खेळाची प्रिंट हत्तीवरून मिरवत आणली गेली. आज हे वाचताना नुसती जाहिरातबाजी वाटते, पण त्या काळी प्रिंट ही डोळ्यांनी दिसणारी, उचलून न्यावी लागणारी वस्तू होती. पाच किलोमीटरहून जास्त लांबीची फिल्म, पत्र्याच्या डब्यांत भरलेली. तिची मिरवणूक काढता येत होती. चित्रपटाचा बराच भाग कृष्णधवल आणि शीशमहालाचं गाणं रंगीत. छायालेखक आर. डी. माथुर यांच्यापुढे आरशांच्या त्या महालात दिव्यांचं प्रतिबिंब टाळून हजारो आरशांत नर्तकी दाखवण्याचं आव्हान होतं. राखाडी छटांत तासन् तास रमलेल्या डोळ्यांवर तो रंग कसा कोसळला असेल! २००४ मध्ये सबंध चित्रपट रंगवून पुन्हा प्रदर्शित झाला. तो लोकांना आवडला, नव्या पिढीपर्यंत पोचला, हे मान्य. पण सगळंच रंगीत झाल्यावर शीशमहालाचा धक्का गेला, आणि तो धक्का हा आसिफ यांच्या मांडणीचा कणा होता, असं माझं ठाम मत आहे.

‘शोले’ची गोष्ट थोडी वेगळी. द्वारका दिवेचा यांनी तो ३५ एमएमवर चित्रित केला आणि मग त्याच्या ७० एमएम प्रिंट काढल्या गेल्या. म्हणजे विहिरीवरच्या त्या दृश्याइतका तपशील मूळ निगेटिव्हमध्ये नव्हताच. पण ७० एमएम प्रिंटने दोन गोष्टी दिल्या: रुंद पडदा आणि सहा ट्रॅकचा आवाज. गब्बरच्या बुटांची कातळावरची करकर, झोपाळ्याची कुरकुर, जयचा माउथ ऑर्गन. आणि नाणं पडल्याचा आवाज ऐकून लोक खुर्चीखाली बघायचे, असं अजून सांगितलं जातं. मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं चालला. त्यानंतर थिएटरच्या पाटीवर ‘७० एमएम’ हे शब्द मोठ्या अक्षरांत येऊ लागले. पुण्यात राहुल थिएटरचं नावच लोकांच्या तोंडी ‘राहुल सेव्हन्टी एमएम’ असं होतं.

आणि या सगळ्या वैभवापासून दूर, महाराष्ट्राच्या जत्रांत तंबूतला सिनेमा होता. ट्रकमध्ये प्रोजेक्टर, समोर कनातीत बांधलेला पडदा, कर्ण्यावरून गावभर पुकारा. तिथल्या ऑपरेटरला तर यंत्राबरोबर जनरेटर, धूळ आणि वारा यांनाही सांभाळावं लागे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या माहितीपटाने या मंडळींचे अखेरचे हंगाम टिपले आहेत. फिल्मच्या प्रिंट मिळेनाशा झाल्या तेव्हा लोखंडी प्रोजेक्टर भंगाराच्या भावाने जाऊ लागले. ते वजनावर विकले जाताना पाहणं फार जड जातं.

डिजिटल आलं याबद्दल माझी तक्रार नाही. फाटकी, तुटकी प्रिंट नशिबी येणाऱ्या गावाला आज मुंबईइतकंच स्वच्छ चित्र मिळतं, ही मोठीच गोष्ट आहे. जुने भव्यपट वाचले तेही बऱ्याच अंशी संगणकामुळे. ‘लॉरेन्स’ डिसेंबर १९६२ मध्ये लंडनला लागला आणि काही आठवड्यांतच त्याची काटछाट सुरू झाली. १९८९ मध्ये रॉबर्ट हॅरिस यांनी हरवलेले भाग शोधून तो पुन्हा जोडला. काही तुकड्यांचा आवाजच सापडेना, तेव्हा पीटर ओ’टूल यांनी सत्तावीस वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या ओठांवर नव्याने संवाद म्हटले. पुढे २०१२ च्या नव्या प्रतीसाठी ६५ एमएमची निगेटिव्ह स्कॅन केली तेव्हा चित्रांवर बारीक उभ्या भेगांचं जाळं दिसलं. चित्रीकरणाच्या वेळी वाळवंटाच्या उष्णतेने फिल्मवरचा थर सुकून तडकला होता. त्या भेगा एकेका चौकटीतून बुजवण्याचं काम संगणकानेच शक्य केलं. या चित्रपटात लॉरेन्स ज्याला वाळवंटातून जिवावर उदार होऊन परत आणतो, तो कासिम म्हणजे आपले आय. एस. जोहर, त्यांचा तहानेने सुकलेला चेहरा आता पूर्वीच्या कुठल्याही प्रिंटपेक्षा स्पष्ट दिसतो. आपल्याकडे इतकं नशीब सगळ्यांना लाभलं नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या कोठाराला लागलेल्या आगीत प्रभातच्या चित्रपटांसह जुन्या भारतीय सिनेमाचा मोठा ठेवा जळून गेला. नायट्रेट पेटलं की पाण्यानेही विझत नाही.

पण चित्र वाचणं आणि खेळ वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘लॉरेन्स’ सुरू होण्याआधी मॉरिस जार यांची सुरावट चार मिनिटांहून जास्त वेळ काळ्या पडद्यावर वाजते. ती प्रेक्षक स्थिरावावेत म्हणून होती. दिवे हळूहळू मंद व्हायचे, मखमली पडदा बाजूला सरकायचा. मध्यंतर दिग्दर्शकाने ठरवलेल्या जागी यायचं, आणि प्रेक्षक परतताना पुन्हा संगीत. हे सारं चित्रपटाचाच भाग होतं. घरी बसून आपण ती चार मिनिटं पुढे ढकलतो.

२०१५ मध्ये क्वेंटिन टॅरंटिनोने ‘द हेटफुल एट’ अल्ट्रा पॅनाव्हिजन ७० मध्ये चित्रित केला. १९६६ च्या ‘खार्टूम’नंतर ही पद्धत कुणी वापरली नव्हती. तो दाखवायला अमेरिकेत सुमारे शंभर थिएटरांत ७० एमएम प्रोजेक्टर लागणार होते आणि बहुतेक ठिकाणी ते उरले नव्हते. गोदामांतून, बंद थिएटरांतून जुनी यंत्रं शोधली, सुट्या भागांसाठी इतर यंत्रं मोडली, आणि निवृत्त ऑपरेटरांना घरून बोलावून आणलं. त्यांनी नव्या मुलांना फिल्म चढवायला शिकवलं. २०२३ मध्ये ‘ओपनहायमर’ची आयमॅक्स फिल्म प्रिंट जगात अवघ्या तीस ठिकाणी लागली, एकेक प्रिंट अठरा किलोमीटर लांब, पावणेतीनशे किलोच्या घरातली. भारतात ती एकाही ठिकाणी फिल्मवर लागली नाही.

आपल्याकडे फिल्म हेरिटेज फाउंडेशन जुन्या चित्रपटांच्या जतनाचं काम नेटाने करतं. त्यांनी जतन केलेला ‘शोले’ जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याला, मूळ शेवटासह दाखवला गेला. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, फिल्म इन्स्टिट्यूट आहे. या शहरात एक ७० एमएम प्रोजेक्टर चालू स्थितीत ठेवावा, वर्षातून काही खेळ त्यावर व्हावेत, आणि केबिनमध्ये अजून हात शाबूत असलेल्या एखाद्या जुन्या ऑपरेटरच्या शेजारी दोन-तीन तरुण मुलं शिकायला उभी असावीत, असं मला मनापासून वाटतं. यंत्र बाहेरून विकत आणता येईल. कार्बनच्या दोन कांड्यांत अंतर किती हवं, हे मात्र ज्यांना ठाऊक आहे ते आता सत्तरीच्या पुढे आहेत.